पोळ्याला पेरा, संक्रांतीला खा: विदर्भातल्या परसातली ढोबळी मिरची

पहिल्या वर्षी मी ढोबळी मिरचीची रोपं मृगाच्या पावसात लावली. वांगी, भेदरं (टोमॅटो), तिखट मिरची सगळं तेव्हाच लागतं, मग हीपण लावली. झाडं छान तरारली. ऑगस्टात फुलं आली आणि रोज सकाळी तीच फुलं मातीवर पडलेली दिसायला लागली. देठ पिवळा पडायचा आणि फूल गळायचं. खत कमी पडलं असेल म्हणून शेणाचा काला दिला, तर नुसता पाला वाढला. दिवाळीपर्यंत सहा झाडांची मिळून तीन फळं हाती आली.

खताचा काही संबंध नव्हता. रात्री उष्ण होत्या.

ढोबळी मिरची आणि आपली तिखट मिरची एकाच जातकुळीची, शास्त्रीय नावही एकच. पण स्वभाव वेगळा. तिखट मिरची आपली उष्णता बरीच सोसते. ढोबळीला फळ धरायला दिवसा २० ते २८ अंश आणि रात्री १६ ते २० अंशांच्या आसपास हवा लागते. दिवसाचा पारा ३२ च्या वर गेला की पराग कमजोर पडतात, रात्र २४ च्या वर राहिली की फूल गळतं. आपल्याकडे अशा गार रात्री ऑक्टोबर सरता सरता सुरू होतात आणि मार्चच्या सुरुवातीला संपतात. म्हणजे हाती जेमतेम चार महिने. झाडाला फुलं त्याच महिन्यांत यायला हवीत, बाकी सगळं त्यावरून मागे मोजत यायचं.

आता मोजा. बी टाकल्यापासून रोप लावण्याजोगं व्हायला ४० ते ४५ दिवस. लागवडीनंतर फुलं यायला महिना-सव्वा महिना. फुलापासून हिरवं फळ तोडायला आणखी ३५ ते ४५ दिवस. संक्रांतीला टोपली भरायची असेल तर बी पोळ्याच्या सुमारास पडायला हवं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरतात, त्याच आठवड्यात मी बी टाकते. पोळा कधी ऑगस्टात येतो, कधी सप्टेंबरात, म्हणून तारीखही लक्षात ठेवा: ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते १५ सप्टेंबर. ऑक्टोबरात बी टाकून चालत नाही असं नाही, पण मग फळं भरतील तेव्हा ऊन तापलेलं असेल.

बी कोणतं घ्यावं

बाजारातून आणलेल्या हिरव्या ढोबळीतलं बी काढून पेरू नका. हिरवं फळ म्हणजे कच्चं फळ, त्यातलं बी बहुधा पक्व नसतं. आणि ती मिरची संकरित वाणाची असते, त्यामुळे उगवलंच तरी फळ आईसारखं निघेल याची खात्री नाही.

नवख्याने सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण घ्यावा असं माझं मत आहे. ‘कॅलिफोर्निया वंडर’ १९२८ पासून चालत आलेला आहे, जाड सालीचा, चार खणांचा, आणि त्याचं बी घरी धरता येतं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का मोहिनी’ आणि ‘अर्का गौरव’ हे दोन वाणही चांगले. मोहिनी पिकल्यावर लाल होते, गौरव पिवळसर नारिंगी. गौरव मर रोगाला बऱ्यापैकी तोंड देते, म्हणून जिथे आधी वांगी-भेदरं मरून गेली आहेत तिथे मी तीच लावते. पाकिटावर पिवळ्या-लाल मोठमोठ्या फळांची चित्रं असलेली महाग संकरित बियाणी बहुतेक पॉलीहाऊससाठी असतात. उघड्या परसात ती कष्टाचं चीज करत नाहीत.

पाच माणसांच्या घराला आठ-दहा झाडं पुरतात. पाकीट उघडलं म्हणून सगळं बी टाकायची गरज नाही. वीस बिया टाका, उरलेलं पाकीट घट्ट बांधून गार जागी ठेवा.

रोपं

रोपांसाठी कागदी पेले, दुधाच्या पिशव्या, नाहीतर ट्रे, काहीही चालतं, तळाला भोकं मात्र हवीत. अर्धी चाळलेली माती आणि अर्धं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. बी अर्ध्या पेराइतकं खोल टाका आणि झारीने हलकं पाणी द्या. आठ ते बारा दिवसांत कोंब वर येतो. या दिवसांत माती ओली हवी, चिखल नको. भाद्रपदातल्या ढगाळ, दमट हवेत पाणी जास्त झालं की रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. रोपं कोलमडणं म्हणतात ते हेच. बी टाकण्याआधी मातीत थोडं ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळलं तर हा धोका बराच कमी होतो. कृषी केंद्रात ते पावडरीच्या रूपात मिळतं.

आता एक काम, जे बहुतेक जण टाळतात आणि पुढे पस्तावतात. रोपांवर पहिल्या दिवसापासून अगदी बारीक विणीची जाळी टाका. चार काड्या रोवा, वर जाळी, कडा मातीत दाबा. आपल्या गावांभोवती कपाशी असते आणि कपाशीवर पांढरी माशी असतेच. चुरडा-मुरड्याचा, म्हणजे पानं आकसून मुरडण्याच्या रोगाचा, विषाणू हीच माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. कोवळ्या रोपाला तो लागला की झाड आयुष्यभर खुरटं राहतं, त्यावर औषध नाही. चाळीस दिवस माशी दूर ठेवली तर निम्मी लढाई जिंकली.

काळी माती

ढोबळीच्या बहुतेक माहितीत भुसभुशीत, निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी माती लिहिलेली असते. आपल्याकडे काळी, चिकट, ओली असताना पायाला चिकटणारी आणि वाळली की भेगा पडणारी माती, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडी. ती बदलता येत नाही, तिच्यासोबत राहायला शिकायचं.

परतीचा पाऊस आपल्याकडे ऑक्टोबरातही गाठतो. सपाट वाफ्यात दोन दिवस पाणी तुंबलं तर ढोबळीची मुळं कुजतात. म्हणून गादीवाफा करा, टीचभर तरी उंच. दोन टोपल्या मातीला एक टोपली कुजलेलं शेणखत आणि अर्धी टोपली बारीक मुरूम किंवा रेती असं मिसळा. शेणखत खरंच कुजलेलं हवं: हातात घेतलं तर वास येऊ नये, आत शेणाचा गोळा दिसू नये. कच्च्या शेणासोबत हुमणी आणि उधई (वाळवी) दोन्ही येतात. माझी चार रोपं हुमणीने मुळासकट खाल्ली होती, तेव्हापासून एक वर्ष जुन्या उकिरड्यातलंच खत वापरते. झाडाच्या खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंडही टाकते.

चुलीची राख टाकू नका. जुन्या माणसांची सवय असते, आणि लाल, आम्लधर्मी जमिनीत राखेचा उपयोगही होतो. पण आपली काळी माती आधीच अल्कधर्मी. त्यात राख घातली की झाडाला लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की समजा.

गेल्या वर्षी जिथे वांगी, भेदरं, आलू किंवा मिरची होती, त्या वाफ्यात ढोबळी नको. सगळी एकाच घराण्यातली, एकाचा रोग दुसऱ्याला धरतो. मेथी, पालक, चवळी होती तो वाफा उत्तम. जागाच नसेल तर पंधरा लिटरची बादली किंवा खताची पोती वापरा, एकात एकच झाड.

लागवड ते पहिलं फूल

ऑक्टोबरच्या मध्यावर, दसऱ्याच्या मागेपुढे, रोपाला पाच-सहा पानं आली की लावायचं. संध्याकाळी लावा. दोन झाडांत दीड फूट, दोन ओळींत दोन फूट. मुळाभोवतीची माती फुटू देऊ नका.

लावल्याबरोबर काठी रोवा, झाड मोठं झाल्यावर रोवली तर मुळं तुटतात. ढोबळीच्या फांद्या ठिसूळ असतात, चार फळांच्या वजनाने सांध्यातूनच फाटतात. तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या चांगल्या. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, परसात साठवू नका. त्यांच्या उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबून बसते आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या कपाशीला तीच लागते. बांधायला सुतळीपेक्षा जुन्या लुगड्याची चिंधी मऊ पडते, आठाच्या आकड्यासारखी सैल बांधा.

मग बुडाशी कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा. सोयाबीनचं, तुरीचं, गव्हाचं, असेल ते, तीन बोटं जाड, खोडापासून जरा लांब. पूर्व विदर्भात धानाचं तणस चालतं. कुटाराने ओल टिकते आणि काळ्या मातीला भेगा पडत नाहीत. भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात, हे कुणी सांगत नाही.

झाड एक-दीड वीत झालं की खोडाला दोन फांद्या फुटतात आणि त्या बेचक्यात पहिलं फूल येतं. ते खुडून टाका. जीवावर येतं, मला अजूनही येतं. पण ते फूल ठेवलं तर झाड त्या एका फळाला पोसत बसतं आणि वाढ थांबते. खुडलं की आठ दिवसांत झाड पसरतं आणि एकाऐवजी चार-सहा फुलं देतं.

शेणाचा काला महिन्यातून एकदा पातळ करून द्या, त्याहून जास्त नको. पाला गर्द हिरवा, जाड आणि फूल एकही नाही, तर नत्र जास्त झालंय.

पाणी

ढोबळीला पाणी किती, यापेक्षा पाणी नियमित आहे का, हे महत्त्वाचं. फळाच्या टोकाला, देठाच्या उलट बाजूला, तपकिरी-काळा, कागदासारखा वाळका डाग पडतो, तो रोग नसतो. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही म्हणून तो पडतो. लोक चुना आणून टाकतात. अहो, आपल्या मातीत चुना भरपूर आहे. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी वाफा तुडुंब भरला की ते चढणंच तुटतं. उपाय चुन्याचा नाही, ठरलेल्या दिवशी थोडंथोडं पाणी देण्याचा.

माझा हिशोब असा: हिवाळ्यात काळ्या मातीत दर तिसऱ्या दिवशी एका झाडाला दोन लिटरच्या आसपास. बादलीत लावलं असेल तर रोज पाऊण लिटर. पण बोट हाच खरा हिशोब. कुटार बाजूला करा, दोन पेरं बोट मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. सकाळी द्या आणि मुळाशी द्या, पानांवर नको.

डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट येते. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दहाच्या खाली झाडाची वाढ थांबते, त्याहून खाली पानं करपतात. अशा रात्री झाडांवर जुनी चादर टाका, सकाळी ऊन आलं की काढा. संध्याकाळी दिलेलं थोडं पाणीही जमीन ऊबदार ठेवतं, पाणी सकाळी द्यायच्या नियमाला तेवढाच एक अपवाद.

पानं मुरडली तर

आधी पान कुठल्या बाजूला मुरडलंय ते पाहा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या वाटीसारखं, देठ लांबलेला, तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नाही, पानातला रस शोषणारा अगदी बारीक जीव. दोन्ही पानाच्या मागे राहतात. फुलकिडे आणि पांढऱ्या माशीवर पाच टक्के निंबोळी अर्क चालतो: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून पिळून गाळायचा, चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने फवारायचा. आठ दिवसांनी पुन्हा. कोळ्यांसाठी पाण्यात मिसळणारं गंधक वापरतात, तेही पाकिटावरच्या प्रमाणातच आणि कडक उन्हात कधीच नाही.

भरल्या पाण्यात झाड एकाएकी हिरवंच कोमेजलं, तर खोड बुडाशी कापून तुकडा पाण्याच्या ग्लासात उभा धरा. दुधासारखी धार खाली उतरताना दिसली तर जिवाणूजन्य मर. ते झाड मुळासकट उपटून लांब फेका, त्या जागी तीन वर्षं या घराण्यातलं काही लावू नका.

आणि वानरं. तिखटपणा हा मिरचीचा सस्तन प्राण्यांपासूनचा बचाव आहे, आणि ढोबळीत तिखट द्रव्य तयारच होत नाही. आमच्याकडे शेजारच्या वाफ्यातली तिखट मिरची वानरं सोडून देतात आणि ढोबळी मात्र एका सकाळीत संपवतात. फळं धरली की वाफ्यावर मासे धरायची जुनी जाळी ताणून टाका. फेब्रुवारीतल्या गारपिटीतही तिचा थोडा आधार होतो.

तोडणी

फळ ओढू नका, कात्रीने देठासकट कापा. हिरवं फळ टणक, चकचकीत आणि दाबल्यावर न दबणारं झालं की तयार. हिरवी तोडत राहिलं तर झाड नवी फुलं धरतं. लाल हवी असेल तर त्याच फळाला आणखी तीन-चार आठवडे झाडावर राहू द्यावं लागतं. हिरवी आणि लाल वेगळ्या जाती नाहीत, कच्चं आणि पिकलं एवढाच फरक. पिकली की गोडी वाढते आणि क जीवनसत्त्वही: १०० ग्रॅम हिरवीत सुमारे ८० मिलिग्रॅम, लालीत सव्वाशेच्या वर. मी प्रत्येक झाडावर दोन-तीन फळं लाल व्हायला ठेवते, बाकी हिरवी तोडते. अर्धी लाल झालेली घरात ठेवली तर चार दिवसांत रंग पुरा होतो. पूर्ण हिरवी तोडलेली मात्र घरात नीट पिकत नाही.

तीन खणांची मिरची नर आणि चार खणांची मादी, असं सांगणारे भेटतील. मिरचीच्या प्रत्येक फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, फळ नर किंवा मादी नसतं. खणांची संख्या वाणावर आणि हवेवर ठरते.

चुलीपाशी

रोजची भाजी म्हणजे चून (बेसन) लावलेली ढोबळी. अर्धा किलो मिरच्यांचे मोठे तुकडे करा. लहान केले तर लगदा होतो. पाच चमचे बेसन आधी कोरडंच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून बाजूला ठेवा. कढईत तीन-चार चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हळद. मिरच्या घालून मोठ्या आचेवर झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं सराट्याने परता. झाकण ठेवलं की पाणी सुटतं आणि हिरवा रंग काळपटतो. मग तिखट, मीठ, वरून बेसन पेरा, पाण्याचा हबका मारा, आता झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ. मीठ उशिरा घालायचं कारण तेच, पाणी. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी घरात उरत नाही.

भरली ढोबळी सगळीकडे आलूची करतात. आपण सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची करावी. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा आणि ढोबळी एकाच वेळी हाती येतात. दोन वाट्या सोले कोरड्या कढईत डाग पडेपर्यंत भाजा, मग आठ लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या आणि अद्रकाच्या तुकड्यासोबत जाडसर वाटा. एक कांदा तेलात परतून त्यात हे वाटण, अर्धी वाटी शेंगदाण्याचा कूट, दोन चमचे भाजलेले तीळ, हळद, मीठ, आणि मूठभर सांबार (कोथिंबीर). तेल सुटेपर्यंत परता. मध्यम आकाराच्या सहा मिरच्यांचा देठाकडचा भाग टोपीसारखा कापून बिया काढा, सारण दाबून भरा, टोपी परत लावा. पसरट भांड्यात तेलावर आडव्या ठेवा. वर ताट ठेवून ताटात पाणी घाला, म्हणजे आतली वाफ आतच राहते आणि बुडाशी जळत नाही. मंद आचेवर पंधरा मिनिटं, मध्ये दोनदा फिरवा. सालीवर डाग पडायलाच हवेत, चव तिथेच असते.

तिसरा प्रकार लाल ढोबळीचा, वांग्याच्या भरतासारखा. निखाऱ्यावर मिरची सगळीकडून काळी होईपर्यंत भाजा. घाबरू नका, साल जळते, गर आत शिजतो. गरम असतानाच गंजीत (पातेल्यात) टाकून झाकण घाला, दहा मिनिटांनी साल हाताने सुटते. पाण्याखाली धुऊ नका, धुराची चव आणि गोड रस दोन्ही वाहून जातात. देठ-बिया काढून गर हाताने कुस्करा, बारीक चिरलेला कच्चा कांदा, ठेचलेला लसूण, मीठ, सांबार, आणि वरून तेलाची लसणाची फोडणी. गोड भरताला तिखट लागतंच, त्यासाठी एखादी भिवापुरी लाल मिरची भाजून चुरडा. हुरड्याच्या दिवसांत शेतातच आगटीच्या कडेला दोन-चार लाल मिरच्या खोचून द्याव्यात.

बी धरताना

तिखट मिरचीशेजारी लावली की ढोबळी तिखट होते, असं आपल्याकडे म्हणतात. त्या हंगामात तसं होत नाही, कारण फळाचा गर आई-झाडाचा असतो, पराग कुणाचाही असो. पण आतल्या बियांत संकर झालेला असू शकतो. तिखटपणा प्रबळ गुण आहे, त्यामुळे ते बी पुढच्या वर्षी पेरलं तर ढोबळीसारखी दिसणारी तिखट मिरची निघते. म्हणून बी धरायचं असेल तर सगळ्यात निरोगी झाडावरच्या दोन-तीन कळ्या उमलायच्या आधीच पातळ मलमलीच्या पिशवीत बांधा. उमलल्यावर पिशवीवरूनच सकाळी हलकी टिचकी मारा, पराग आपोआप पडतो. फळ बोराएवढं झालं की पिशवी काढा आणि देठाला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे कुणी चुकून तोडणार नाही.

ते फळ पूर्ण लाल होऊन किंचित मऊ पडेपर्यंत झाडावरच राहू द्या. बिया काढून सावलीत आठ-दहा दिवस वाळवा, उन्हात नाही. वाकवल्यावर बी न वाकता मोडलं की वाळलं. कागदात बांधून, त्यावर वाणाचं नाव आणि साल लिहून, घट्ट झाकणाच्या डब्यात घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेलं बी उगवत नाही, आमच्याकडे ते माठाच्या तिवईखाली असतं.